फॅट किती लागली?

आमचं गाव कागल तालुक्यातलं. संध्याकाळी साडेसहाला डेअरीपुढं किटल्यांची रांग लागते. सचिव नमुना काढतो, मशीनच्या नळीखाली धरतो, दोन आकडे उमटतात आणि पावती हातात पडते. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पाया. त्याच्या वर गेलं तर दर चढतो, खाली आलं तर कापतात. आबा किटली हलवत घरी आले की आई चुलीपुढूनच विचारायची, "फॅट किती लागली?" कमी लागली असेल तर आबा उत्तर न देता पावती खुंटीवरच्या तारेला टोचायचे, आणि दुसऱ्या दिवशी म्हशीला सरकी वाढायची. आमच्या शाळेच्या फिया त्या आकड्यावर भरल्या जात.

अशा घरातल्या पोरीला पुढे अमेरिकेच्या सरकारने महिन्याला वीस लिटर दूध दिलं, एक पैसा न घेता, आणि अट घातली की फॅट १ टक्क्याच्या वर चालणार नाही.

२०२१ सालची गोष्ट. नवरा मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात पीएचडी करत होता आणि मी त्याच्यामागून एफ-२ व्हिसावर गेलेली. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. त्याला वर्षाला मिळायचे २६ हजार डॉलर, त्यातलं निम्मं घरभाड्यात जायचं. मला दिवस गेले तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने तपासणीच्या कागदांबरोबर एक घडीचं पत्रक दिलं. "विकसाठी फोन केलात का?" मला वाटलं व्हिक्स म्हणते आहे, सर्दीचं.

विक म्हणजे गरोदर बाया, बाळंतिणी आणि पाच वर्षांच्या आतली मुलं यांच्यासाठीची तिथली सरकारी पोषण योजना. इंग्रजी आद्याक्षरं जोडून झालेलं नाव. आपल्या 'विकणे'शी त्याचा संबंध एवढाच, की त्यावर मिळालेली वस्तू विकली तर गुन्हा. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांच्या आत हवं. पोटातलं बाळही माणसांत मोजतात, त्यामुळे आम्ही दोघं असूनही कुटुंब तिघांचं धरलं गेलं. तिघांसाठी मर्यादा त्या वर्षी ४० हजार ६२६ डॉलर होती. आम्ही आरामात आत बसत होतो. 'आरामात' हा शब्द इथे जरा विचित्रच आहे.

बसत होतो, पण फोन करायला मी तीन आठवडे लावले. नवऱ्याचं म्हणणं, आपण शिकायला आलोय, रेशनवर जगायला नाही. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ताईंनी बजावलं, सरकारी मदत घेतली की पुढे ग्रीन कार्ड अडतं. मी रात्री जागून वाचून काढलं. 'पब्लिक चार्ज' नावाचा नियम खरा होता, पण त्यात विक मोजत नव्हते. व्हिसा कुठला हेही योजनेच्या माणसांनी मला कधी विचारलं नाही. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, एवढंच. हे मी ग्रुपवर लिहिलं. ताईंनी अंगठा दाखवला. मग दोन जणींनी स्वतंत्रपणे मला नंबर विचारला, ग्रुपवर नाही.

कोविडमुळे पहिली मुलाखत फोनवर झाली. पासपोर्ट, घराचा करार आणि विद्यापीठाचं पत्र यांचे फोटो पाठवले. पलीकडच्या बाईंनी काल सकाळपासून काय काय खाल्लंत ते सांगा म्हटलं. मी भाकरी म्हटलं, त्यांनी स्पेलिंग विचारलं. मग मला कळलं की योजनेत बसायला नुसतं कमी उत्पन्न पुरत नाही, 'पोषणाची जोखीम'ही एखादी सापडावी लागते. बाई सहानुभूतीने माझ्यातली खोट शोधत होत्या. आदल्या आठवड्यात उलट्यांनी माझं वजन उतरलं होतं, ते ऐकून त्यांना हायसं वाटलं असावं.

आठवड्याभरात कार्ड आलं. दिसायला बँकेच्या कार्डासारखंच, वापरताना पिन टाकायचा. पैसे मात्र त्यात फक्त भाजी-फळांपुरते, महिन्याला ४३ डॉलर. बाकी सगळं वस्तूंच्या मापात: अंडी एक डझन, कडधान्यं, शेंगदाण्याचं बटर, गव्हाचा ब्रेड, सिरियल, ज्यूस आणि दूध २२ क्वार्ट. क्वार्ट म्हणजे आपल्या लिटरला जरासं कमी, चार क्वार्टचा एक गॅलन. महिना संपला की उरलेलं बाद, पुढच्या महिन्यात जात नाही. २२ क्वार्ट म्हणजे जवळजवळ २१ लिटर, आणि प्यायची मी एकटीने.

सगळं दूधच घ्यायला हवं असं नाही, हे बाईंनी समजावलं. तीन क्वार्ट सोडले तर त्याबदली एक पौंड चीज. एक क्वार्ट सोडला तर तेवढंच दही, म्हणजे ३२ औंसाचा एक डबा. टोफू चालतो, सोया दूध चालतं. पनीर? नाही. तूप? हसल्या. चीज कोणतं ते ठरलेलं होतं, चेडर, मोझरेला अशी यादी. मी एक चीज, एक दही, बाकी दूध असं सांगितलं. दूध फक्त १ टक्क्याचं किंवा बिनसायीचं. मी विचारलं, साधं का नाही? उत्तर आलं, मोठ्या माणसांना आणि दोन वर्षांवरच्या मुलांना साय असलेलं दूध द्यायचं नाही असा नियम आहे, डॉक्टरांनी तसं कारण लिहून दिलं तरच.

पहिले दोन गॅलन घरी आणून मी सवयीने पातेल्यात तापत ठेवले. इथे दूध तापवायची गरज नसते, हे माहीत असूनही. उतू जायची वाट बघत उभी राहिले. फेस आला, पण गार झाल्यावर वर काही धरलंच नाही. चमचा फिरवला तर पाण्यावरून फिरावा तसा फिरला. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आबांना ते पातेलं दाखवलं. त्यांच्याकडे सकाळ होती, ते डेअरीवरच होते.

"किती लागली?"

"एक."

आबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बाळ, पाणी घातलंय त्यात कुणीतरी. सचिवाला सांग."

सचिव वॉशिंग्टनला बसतो, मी म्हटलं. ते त्यांनी चार लोकांना मोठ्याने ऐकवलं आणि त्या दिवशी डेअरीवर अमेरिकेच्या दुधाची बरीच बदनामी झाली.

खरं तर पाणी घातलेलं नसतं. एक टक्का दूध आणि लाल झाकणाचं साधं दूध यांत कॅल्शियम, प्रथिनं तेवढीच असतात, नुसती साय काढून घेतलेली असते. हे मला पटायला वेळ लागला, कारण आमच्याकडे साय काढून घेतलेल्या दुधाला दूध म्हणतच नाहीत. आणि हेही सांगायला हवं की त्यांचं 'होल मिल्क'सुद्धा सव्वातीन टक्क्यांचं. आमच्या डेअरीत ते गाईच्या पायावरसुद्धा बसलं नसतं.

बाळंतपण २०२२च्या मार्चमधलं. त्याविषयी फार लिहीत नाही. त्या वसंतात तिथे लहान मुलांच्या डब्याच्या दुधाचा, फॉर्म्युल्याचा, मोठा तुटवडा पडला होता. एका मोठ्या कंपनीने फेब्रुवारीत माल परत मागवलेला. विकमध्ये प्रत्येक राज्य एकाच कंपनीशी करार करतं आणि देशातला जवळजवळ निम्मा फॉर्म्युला या योजनेतूनच खपतो, त्यामुळे ज्या राज्यात त्याच कंपनीचा करार तिथल्या आयांचे हाल झाले. मे महिन्यात मी दुकानात फळीच्या फळी रिकामी बघितली आहे, आणि तिथे उभ्या असलेल्या एका बाईचा चेहराही. मला अंगावरचं दूध पुरलं. योजनेतल्या स्तनपान सल्लागार बाईंनी पंप मिळवून दिला आणि रात्री अकराला मेसेज केला तरी उत्तर द्यायच्या. पूर्ण अंगावर पाजणारीला तेव्हा दूध आणखी वाढवून द्यायचे, २४ क्वार्ट, वर चीज आणि डबाबंद मासे. ते ट्यूना मी आगळ घालून खाऊन बघितले. परत तसं करणार नाही.

मुलगा वर्षाचा झाला आणि त्याच्या नावावर साधं दूध सुरू झालं. १६ क्वार्ट, चार गॅलन. एक ते दोन वर्षांपर्यंत साय हवीच, मेंदूच्या वाढीला लागते, असं योजनाच म्हणत होती. पहिला लाल झाकणाचा गॅलन तापवला तेव्हा पातळ का होईना, साय धरली. मी ती बोटाने उचलून खाल्ली आणि मग मला मुलाची आठवण झाली.

पुढचं लिहायला मला थोडी लाज वाटते.

आमच्याकडे मूल दूध पितंय म्हणजे आई सुटली. जेवलं नाही तर नाही, बाटली संपवली ना? माझा मुलगा दिवसाला आठ औंसाच्या चार बाटल्या प्यायचा. सकाळी एक, दुपारी झोपायच्या आधी एक, संध्याकाळी एक, रात्री एक. भात थुंकायचा, डाळ थुंकायची, बाटली बघितली की हात पसरायचा. गालांवर गोबरे गोळे. आई कॉलवर म्हणायची, कसं लोण्यासारखं झालंय बघ पोरगं. कार्डावरचे चार गॅलन पंधरा-सोळा तारखेलाच संपायचे आणि उरलेल्या दिवसांचं दूध आम्ही पदरच्या पैशाने आणायचो. मला त्याचा अभिमानच होता. माझं पोर सरकारी मापात मावत नाही!

वीस महिन्यांचा असताना प्रत्यक्ष भेटीला बोलावलं. उंची मोजली, वजन केलं, मग बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब छोट्या मशीनमध्ये घातला. मला ती नळी, तो थेंब आणि उमटणारा आकडा बघून डेअरीच आठवली. आकडा आला १०.३. हिमोग्लोबिन या वयात ११च्या खाली नको. बाईंनी मशीन बदलून दुसऱ्या बोटातून परत घेतलं. तेवढंच आलं.

"दूध किती पितो?"

मी सांगितलं, आणि आवाजात जो थाट होता तो अजून कानात आहे.

त्या रागावल्या नाहीत. ड्रॉवरमधून प्लास्टिकचा एक आठ औंसाचा कप काढून टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी दुसरा. "दिवसभरात एवढं." दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर कॅल्शियममुळे इतर अन्नातलं लोहही अंगी लागायला अडथळा येतो, आणि पोट दुधानेच भरल्यावर मूल ज्यातून लोह मिळतं ते खाणार कुठून? बाटली बंद, कप सुरू. जेवण आधी, दूध नंतर. राजमा, छोले, मसूर, अंडी, लोह घातलेलं सिरियल, सोबत संत्र्याची फोड. आणि डॉक्टरांना दाखवा.

घरी येऊन मी हिशेब मांडला. चार गॅलन म्हणजे ६४ कप. ६४ भागिले ३०. दोन आणि थोडं वर. म्हणजे ते १६ क्वार्ट हे दुधाचं रेशन नव्हतंच, औषधाच्या बाटलीवर असतं तसं माप होतं. मी महिन्याच्या महिन्याला त्याच्या दुप्पट पाजत होते आणि वरचे पैसे आम्हीच भरत होतो.

बाटली सुटताना घरात चार रात्री रडारड. आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली, "दूध तोडतात होय लेकराचं? तिथल्या बायांना काय कळतंय!" आबांनी फोन काढून घेतला. म्हणाले, वासराला पण आपण दाव्याला बांधून ठेवतोच की, नाहीतर चारा कधी शिकणार? आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले. त्यांनी त्याचे दात काळपटले, ते नंतर गेले. तीन महिन्यांनी आकडा ११.५. मी गाडीत बसून पहिला मेसेज आबांना टाकला: "११.५ लागली." त्यांना वाटलं दुधाची.

मग आला दुसरा वाढदिवस, मार्च २०२४. केक कापला, फोटो पाठवले. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे दोन लाल झाकणं गाडीत टाकली आणि काउंटरवर कार्ड घातलं. बाकी सगळं वजा झालं, दूध राहिलं. पोरगेल्या कॅशियरने परत स्कॅन केलं. परत तेच. माझ्यामागे चारजण. त्याने दिवा लावून मॅनेजरला बोलावलं आणि मॅनेजरने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की हे विक आहे का. मी मुलाला कडेवर घट्ट धरून दोन्ही गॅलन बाजूला ठेवले, बाकीचं घेतलं आणि निघाले. नंतर ॲपमध्ये बघितलं तर यादीत स्पष्ट लिहिलं होतं: दूध, १ टक्का किंवा बिनसायीचं. भेटीत मला बहुतेक सांगितलंही असेल. पण वाढदिवसाबरोबर दूध बदलतं हे माझ्या डोक्यात कुठे राहणार.

सोमवारी फोन केला. साधं दूध चालू ठेवता येईल का? नाही, त्याचं वजन व्यवस्थित होतं, डॉक्टरांनी लिहून द्यायला कारणच नव्हतं. मग काय काय घेता येईल? लॅक्टोज काढलेलं दूध, सोया दूध, दही, चीज, टोफू. एवढी निवड आहे म्हणायला, आणि आहेही. ज्या बायांना दूध पचत नाही किंवा ज्या दूध घेतच नाहीत त्यांना ती खरीच उपयोगाची. माझ्या शेजारची व्हिएतनामी मैत्रीण दुधाबदली टोफू घ्यायची आणि तिला माझ्या साय-रडगाण्याचं हसू यायचं. मला हवी ती एकच गोष्ट त्या यादीत नव्हती. शेवटी मी असं बसवलं: एक पौंड चीज, त्याचे तीन क्वार्ट वजा, एक डबा दही, त्याचा एक वजा, राहिले बारा, म्हणजे बरोबर तीन गॅलन, सुटं काही उरत नाही. हे गणित ज्याने केलं त्याला दंडवत. नाहीतर एक क्वार्टची बाटली शोधत दुकानात फिरावं लागतं आणि ती नेमकी संपलेली असते.

एक टक्का दुधाचं दही लावायला मला महिना लागला. पहिलं लागलं ते पळीवाढं, दुसऱ्याला तार सुटली. नंतर युक्ती सापडली: दूध चांगलं आटवायचं, लिटरमागे दोन मोठे चमचे बिनसायीची दूध पावडर गार दुधात कालवून घालायची, बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की विरजण, आणि पातेलं रात्रभर ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून. कवडीचं नाही म्हणणार, पण चमचा उभा राहतो. ते पंचात टांगलं तर चक्का मात्र सुरेख पडतो. साय नसल्यामुळे जरा कोरडा, पण पुढच्या गुढीपाडव्याचं श्रीखंड मी १ टक्क्याचं केलं आणि मंडळातल्या त्याच ताईंनी दोनदा घेतलं. मी त्यांना काही सांगितलं नाही. ताक, कढी यांना तर हे दूध उत्तमच. तूप मी दुकानातलं बिनमिठाचं लोणी आणून कढवते, ते पदरच्या पैशाचं.

माझी वहिनी गावात अंगणवाडी सेविका आहे. तिला मी हे सगळं सांगते आणि ती मला तिचं सांगते. आपली एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ची, आणि प्रयोग म्हणून चाललेली विक कायमची झाली तीही १९७५च्याच ऑक्टोबरात. वहिनीला याचं फार अप्रूप वाटलं. "म्हणजे जुळ्या बहिणी की! एक श्रीमंताघरी दिली." तिच्याकडे गरोदर बायांना आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांना घरी न्यायचा शिधा मिळतो, तिथे दूध निवडायचा प्रश्नच येत नाही. पण ती वजन करते तेव्हा आई, आजी, शेजारीण सगळ्या भोवती असतात आणि तिला प्रत्येक घरातलं माहीत असतं. माझ्या न्यूट्रिशनिस्ट बाई तीन वर्षांत तीनदा बदलल्या. वहिनीने एकदा विचारलं, तुमच्याकडे दुकानदार पाकिटं परस्पर खपवत नाहीत? मी सांगितलं, कार्ड घातल्याशिवाय काही हलतच नाही. ती म्हणाली, मग मॅनेजरचा मोठा आवाज खपवून घे.

माझा बाजार बिघडला त्याच एप्रिलमध्ये सरकारने नवे नियम जाहीर केले. राज्यांना लागू करायला दोन वर्षं दिली. भाजी-फळांचे पैसे वाढवलेले कायम ठेवले, लॅक्टोज नसलेलं दूध ठेवणं बंधनकारक केलं, दुधाबदली दही दोन क्वार्टपर्यंत घेता येईल असं ठरवलं. आणि दोन वर्षांवरच्या मुलाचं दूध १६ क्वार्टवरून १४वर आणलं. वर्तमानपत्रात दूधवाल्यांच्या संघटनेची नाराजी आली होती. मी ती आबांना वाचून दाखवली. आबा स्वतः दूध घालणारे, त्यामुळे मला वाटलं ते त्यांची बाजू घेतील. त्यांनी विचारलं, "१४ म्हणजे रोजचे किती कप?" मी म्हटलं, दोनाला थोडे कमी. "मग बरोबर हाय," म्हणाले, आणि म्हशीला पाणी दाखवायला उठले.

आज तीस तारीख. कार्डावर अजून एक गॅलन शिल्लक आहे, रात्री बारानंतर तो जाईल. बाहेर बर्फ पडतोय आणि नवरा म्हणतोय राहू दे, साडेतीन डॉलरचं तर दूध. मी बूट घातलेत. विरजणही संपलंय.